राज्य म्हणजे काय, आक्का?

पहिलीच गोष्ट साफ करून टाकतो. त्रिशलाआक्कांनी माझ्या एकाही पत्रकावर कधी सही केली नाही. मोर्चाला आल्या नाहीत, धरण्याला बसल्या नाहीत, काळी फीत लावली नाही. तरीसुद्धा ह्या सीमाभागात माझ्या डोक्याला वळण लावण्याचं काम कुणी केलं असेल तर ते ह्या बाईनं. पत्रकात मी एवढी लांब वाक्यं लिहीत नाही. पत्रकातलं वाक्य आखूड, ठसठशीत आणि रागावलेलं लागतं. पण आक्का पत्रकात मावत नाहीत. खूप प्रयत्न केला.

आक्का निपाणीच्या. घर जैन, तंबाखूच्या व्यापारातलं. पीयू कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या. निवृत्तीनंतर माणसं तीर्थयात्रेला जातात; ह्यांनी बारावीनंतर लॉच्या प्रवेश परीक्षेला बसणाऱ्या पोरांना राज्यघटना शिकवायला घेतली. बेळगावात टिळकवाडीला ह्याच परीक्षेचे क्लास आहेत. पडद्यावर चित्रं दाखवतात, कलमं चालीवर पाठ करून घेतात. निपाणीच्या आसपासच्या खेड्यातली पोरं तिथं रोज का जाऊ शकत नाहीत, हे कळायला चौकशी समिती नेमायची गरज नाही. बसचं टाइमटेबल बघा. आमच्यासाठी आक्का होत्या, आणि सीमाप्रश्नावर लढणाऱ्या आमच्या मंडळाच्या मराठी वाचनालयाचा हॉल होता.

उंची बेताची, आवाज बिलकूल बेताचा नाही. सुती साडी आणि खाली पांढरे कापडी बूट. बोलायला लागल्या की वाक्य मराठीत निघायचं, मधेच कन्नडात शिरायचं आणि इंग्रजीत संपायचं, आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ता नसायचा. धर्माप्रमाणं दिवस बुडायच्या आत जेवायचं, म्हणून सूर्य कलला की वर्ग बंद. मग कलम अर्धं राहू दे, वाक्य अर्धं राहू दे.

"सूर्य पार्लमेंटसाठी पण थांबत न्हाय," म्हणायच्या आणि खडू ठेवून चालू लागायच्या.

एकदा कलम एकोणीस असंच मधे तुटलं. भाषण-अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य त्या दिवशी मिळालं आणि त्यावरचे वाजवी निर्बंध दुसऱ्या दिवसावर गेले. मधल्या वेळात मी दोन पत्रकं छापून मोकळा.

त्यांची शिकवायची पद्धत ऐकून टिळकवाडीवाले हसतील. हसू देत. वर्गात निम्मी पोरं मराठी माध्यमाची, निम्मी कन्नड माध्यमाची. नियम असा की मराठीवाल्यानं कलम कन्नडात वाचायचं, कन्नडवाल्यानं मराठीत, आणि मग सगळ्यांनी मिळून इंग्रजीत.

"एका भाषेत वाचलं की पाठ होतंय," आक्का म्हणायच्या. "दुसऱ्या भाषेत वाचलं की कळतंय. तिसऱ्या भाषेत वाचलं की शंका येतीया. मला ती शंका पायजे. पाठ करणारं पोपट बाजारात लई हायती."

पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला. राज्य.

"राज्य म्हणजे काय? सांगा बघू."

मी उठलो. माझ्या घरात हा शब्द भाकरीबरोबर खाल्ला जातो. आमचं गाव कोगनोळीजवळ; रस्त्याच्या त्या अंगाला एक राज्य, ह्या अंगाला दुसरं. छाती काढून म्हणालो, "महाराष्ट्र!"

मागच्या रांगेतून चिकोडीकडचा मल्लू उठला. काटक, कानापर्यंत तेल लावलेला, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारा. तो तितक्याच ठामपणे म्हणाला, "कर्नाटका री."

मी मागं वळून बघितलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. सुप्रिया म्हणून एक मुलगी होती, तिचे वडील आमच्या मंडळाच्या समितीवर. ती घाबरून म्हणाली, "आक्का, भांडणं लागत्याती. पुढचं कलम घ्या की."

आक्का हसायला लागल्या. हसता हसता खुर्चीवर बसल्या, चष्मा काढून डोळे पुसले.

"दोघं पण नापास! शब्द पण एकच, चूक पण एकच. अरं, मराठीत राज्य, कन्नडात पण राज्यच. कलम बारा वाचा. मूलभूत हक्कांच्या भागात राज्य म्हणजे केंद्र सरकार, संसद, सगळ्या राज्यांची सरकारं, त्यांची विधिमंडळं आणि तुमच्या गावची ग्रामपंचायत सुद्धा. तुमच्या गल्लीत सकाळी कचऱ्याची गाडी येती न्हवं? ते राज्य."

"कचऱ्याची गाडी?" मी हबकलो.

"गाडी न्हवं रं शाण्या. गाडी पाठवणारी नगरपालिका."

सांगायला लाज नाही, मला राग आला. ज्या शब्दासाठी आमच्या तीन पिढ्यांनी घसा फोडला, त्यात ही बाई कचऱ्याची गाडी घुसवते म्हणजे काय? पुण्यातल्या पोराला राज्य म्हणजे काय विचारलं तर तो पुस्तकातलं उत्तर देईल. आमच्याकडं त्या शब्दापुढं आपोआप एकच प्रश्न उभा राहतो: कुठलं? आमच्या पोरांना संसद राज्याच्या सीमा बदलू शकते ते कलम तीन तोंडपाठ, दोन राज्यांचं भांडण सुप्रीम कोर्टात नेणारं एकशे एकतीस तोंडपाठ. कायद्यापुढं सगळे समान, ते चौदा विचारलं की सगळे छताकडं बघतात.

आणि त्या चौदाचीही एक गंमत आहे. कन्नडात कलमाला 'विधी' म्हणतात. मल्लू कधी न विसरणारा मुलगा. दुसऱ्याच दिवशी उभा राहून खणखणीत आवाजात म्हणाला, "विधी चौदा!" सुप्रिया माझ्या कानाशी कुजबुजली, "कुणाचा रं? कोण गेलं?" तिला वाटलं, तेराव्यानंतरचा चौदावा. मला हसू आवरेना. आक्कांनी कारण विचारलं. सांगितलं तर म्हणाल्या, "समानतेचं चौदावं घालू नकोस बाई, अजून जित्ती हाय ती."

मल्लूनं ह्याची परतफेड आधीच करून ठेवली होती. "आज आपण घटना शिकायची," असं आक्का पहिल्या दिवशी म्हणाल्या तेव्हा तो खिडकीतून बाहेर डोकावून म्हणाला होता, "एन घटना आतरी, अक्का?" काय घडलं, म्हणून. कन्नडात घटना फक्त घडते. देश चालवायला संविधान लागतं.

माझं नाव त्यांनी पत्रक ठेवलं होतं. "ए पत्रक, खिडकी उघड." "पत्रक आलं का न्हाय आज?" एकदा मी माझं ताजं पत्रक त्यांच्यापुढं ठेवलं. वाटलं, बाई शाबासकी देतील. मथळा होता: मायबोलीची गळचेपी! जाहीर निषेध! आक्कांनी ते वाचलं, उलटून मागची बाजू बघितली, तिथं काही नव्हतं, म्हणून परत उलटलं.

"गळचेपी होत आहे," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "कोण करतंय?"

"सरकार."

"कुठलं?"

"सगळंच."

"सगळं म्हणजे कोणच न्हाय. कुठल्या ऑफिसात, कुठल्या अधिकाऱ्यानं, कुठला अर्ज मराठीत हाय म्हणून नाकारला? तुज्या वाक्याला कर्ता न्हाय रं. कर्ता नसलेल्या वाक्यावर कोर्ट नोटीस कुणाला काढणार? व्याकरणाला?"

"पण अन्याय तर होतोय न्हवं!"

"होतोय की. मी न्हाय म्हटलं? पण अन्याय हा शब्द वापरायची तुला आजपासून बंदी. त्या जागी कलम लिही. तीनशे पन्नास वाच. केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत तक्रार द्यायचा हक्क हाय तुला. तू नुसता वरडतोस. वरडणाऱ्याला चहा पाजून घालवता येतंय. कलम सांगणाऱ्याला लेखी उत्तर द्यावं लागतंय."

मी तावातावानं पत्रक उचललं आणि बाहेर आलो. पण त्यानंतर मला कर्त्याशिवाय वाक्य लिहिता येईना. वर्षानुवर्षं कमावलेली शैली बाईनं एका दुपारी मोडीत काढली.

आता हॉलची गोष्ट.

परीक्षा दोन महिन्यांवर आली होती आणि आमच्या मंडळाला कुणीतरी सांगितलं की मराठी वाचनालयात कन्नडातून धडे चालतात. खरंच होतं ते. मंडळाचे अध्यक्ष रावसाबआप्पा. हार्डवेअरचं दुकान, पांढरी टोपी, उजव्या हाताचं एक बोट तरुणपणी आंदोलनात काठी बसून कायमचं वाकडं झालेलं. माणूस खोटा नाही, हे लिहिलंच पाहिजे. त्यांनी आक्कांना बैठकीला बोलावलं. मी मंडळाचा सभासद आणि वर्गाचा विद्यार्थी, दोन्ही नात्यांनी भिंतीला टेकून उभा.

"बाई, तुमचा अपमान करायचा न्हाय," आप्पा म्हणाले. "तुमी शिकवा. मराठी पोरांना खुशाल शिकवा. पण ह्या हॉलमध्ये कन्नड पोरं नकोत, कन्नड वाचन नको. ह्या वाचनालयासाठी आमी काठ्या खाल्ल्यात." त्यांनी बोट वर केलं.

"म्हाईत हाय, आप्पा," आक्का म्हणाल्या. "त्या बोटाला मी हसणार न्हाय."

मला कुठला धीर? मी भिंत सोडली. "कलम पंधरा! असा भेदभाव करता येत न्हाय!"

आक्कांनी माझ्याकडं बघितलं. वर्गात बघायच्या तसंच. "पंधरात कशाकशावरून भेदभाव करू नये म्हटलंय?"

"धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान."

"भाषा?"

मी मनात परत एकदा सगळी उजळणी केली. नव्हती.

"एकोणतीसमध्ये हाय!" मी म्हणालो.

"हाय. पण कुणाला लागू? राज्य चालवतंय किंवा राज्याचा पैसा घेती, असल्या शिक्षणसंस्थेला. हे वाचनालय. आणि तरी पण विचारते. आप्पा, वाचनालय सरकारचा पैसा घेतंय?"

आप्पांची छाती फुगली. "एक पै न्हाय! ह्या सरकारची न्हाय, त्या सरकारची न्हाय! सगळी लोकवर्गणी!"

"मग कायद्यानं तुमी मोकळं," आक्का म्हणाल्या. "मंडळ म्हणजे राज्य न्हवं. हॉल तुमचा. कुणाला घ्यायचं, कुणाला न्हाय, तुमी ठरवा."

सगळे भांडायच्या तयारीनं आले होते. आप्पांनी तर पाण्याचा तांब्यासुद्धा हाताशी ठेवला होता. ज्या बाईशी भांडायचं तीच उठून सांगते की कायदा तुमच्या बाजूनं आहे. आता करायचं काय?

"मग… मराठी पोरांचा वर्ग चालू ठेवताय न्हवं?" आप्पा जरा चाचरत म्हणाले.

"न्हाय आप्पा. अर्ध्या वर्गाला मी काय शिकवू? समोर दुसऱ्या भाषेचं कोण नसलं तर ही पोरं एकमेकांच्या चुकांना माना डोलावत बसतील. आमच्या भावाची तंबाखूची वखार रिकामी हाय. ती झाडून घेते. ज्याला यायचं त्यानं या."

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर उखडलो. "तुमी त्येंची बाजू का घेतली? पंधरा नसंल तर नसंल, जरा दाबून बोलायचं होतं! त्येंना कुठं म्हाईत हाय?"

"बाजू न्हाय घेतली, कलम वाचलं," त्या चालता चालता म्हणाल्या. "आज माझ्या सोयीसाठी मी वाकवलं, उद्या तुज्या विरुद्ध दुसरा कोणतरी वाकवील. तवा कुठल्या तोंडानं वरडशील? आणि आप्पा चुकत्यात, ह्यात मला शंका न्हाय. पण प्रत्येक चूक बेकायदेशीर नसती, पत्रक. ते समजंपर्यंत वकील होऊ नको."

मल्लू कोपऱ्यावर थांबला होता. त्याला बातमी आधीच पोचलेली. खाली मान घालून म्हणाला, "आक्का, मी सोडतो की. माझ्यामुळं हेंचा हॉल जातंय. मी पुस्तक वाचून करतो घरी."

आक्का खरोखर चिडलेल्या मी बघितल्या त्या एकदाच.

"तू सोडतोस? आणि ह्या पत्रकाला अडवणार कोण? तुज्या बापाच्या रानात मी स्वतः येऊन बसले होते, पोराला पाठवा म्हणून, ते असलं मोठं मन दाखवायला न्हाय! सोमवारी वखारीत नसलास तर घरी येऊन कान धरीन. दोन्ही भाषेत."

खरा प्रश्न मात्र मल्लूचा नव्हता, आम्हा मराठी पोरांचा होता. घराघरात सांगून ठेवलेलं होतं, वखारीकडं फिरकायचं नाही. आक्कांनी कुणाला फोन केला नाही, निरोप धाडला नाही. सोमवारी मी गेलो तेव्हा त्या डोक्याला फडकं बांधून पाणी शिंपडत होत्या आणि कन्नडवाली पोरं पोती हलवत होती. मराठी असा मी एकटा. आक्का खडू हातात घेऊन नुसत्या उभ्या राहिल्या, फळ्याकडं पाठ करून, दाराकडं बघत.

मग गल्लीच्या तोंडाला एक मोटरसायकल थांबली. सुप्रिया उतरली. तिच्या वडिलांनी, म्हणजे समितीच्या सभासदानं, तोंड दुसरीकडं फिरवून गाडी वळवली. ते येताना दिसले नाहीत आणि जाताना दिसले नाहीत, असं आम्ही सगळ्यांनी मानून घेतलं. तिच्या मागोमाग हळूहळू बाकीची आली. कुणी आई मंदिरात गेलीय असं बघून, कुणी मावशीकडं जातो म्हणून.

"हं," आक्का म्हणाल्या, "आता लिहा," आणि फळ्याकडं वळल्या.

तंबाखूची वखार म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. माल जाऊन वर्षं झाली तरी तिची धूळ भिंतीतून गळत राहते. जीवित आणि व्यक्तिगत स्वातंत्र्याचं कलम एकवीस आमच्यापैकी कुणालाही शिंक न येता पूर्ण वाचता आलं नाही. "कायद्याद्वारे प्रस्थापित केलेल्या… हाक्छी!" एक शिंकला की रांगच्या रांग शिंकायची. आक्का तेवढ्या शिंकायच्या नाहीत. जन्मच त्या वासात गेलेला. "आजची आणीबाणी संपली का? मग पुढं वाचा," म्हणायच्या.

मी मंडळ सोडलं नाही, हेही लिहून ठेवतो. पण मंडळाच्या विरोधात एक पत्रक काढलं. 'मंडळानं वर्ग बंद केला,' असं पहिलंच वाक्य. रावसाबआप्पांनी दुकानात बोलावून घेतलं. मला वाटलं, आता खिळ्यांच्या पेटीत घालून धाडतात. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "चुकीचं हाय, पण भाषा सुधारली तुजी."

परीक्षेला आम्ही सगळे एकाच बसनं कोल्हापूरला गेलो. मल्लूनं पेपर इंग्रजीत दिला, मी मराठीत. दोघांनाही प्रवेश मिळाला; तो धारवाडला, मी कोल्हापूरला. सुप्रिया आमच्या दोघांच्या पुढं गेली, पुण्याला. ज्यांना नाही मिळाला त्यांच्या घरी आक्का स्वतः जाऊन आल्या आणि पुढच्या वर्षी परत वखारीत बसा म्हणाल्या.

मग मी बरेच दिवस निपाणीला फिरकलो नाही. दिवाळीच्या सुट्टीत आलो आणि दुपारचा वखारीकडं गेलो. बाहेर एक जुनी स्कूटर उभी होती. स्कूटरला टेकून, टोपी हातात घेऊन, रावसाबआप्पा उभे. मला बघून दचकले.

"नात आलीया," ते घाईनं म्हणाले. "तिच्या आईनं पाठवलंय. मी नुसता सोडायला."

"मग सोडून जायचं की, आप्पा."

"जातोच हाय."

गेले मात्र नाहीत. आतून आक्कांचा आवाज आला, "आप्पा, उन्हात का उभं? आत या."

"नको बाई. मी मंडळाचा अध्यक्ष हाय."

"अध्यक्ष बाहेर ठेवा. आप्पा आत या."

आप्पांनी चपला काढल्या, परत घातल्या, परत काढल्या. उंबऱ्यापर्यंत येऊन थांबले. मी त्यांच्या मागं. आत कलम सोळा चाललं होतं, सरकारी नोकरीत सगळ्यांना समान संधी देणारं. त्यांची नात उभी राहून कन्नडातून वाचत होती, बोट ओळीवर ठेवून, अक्षर अक्षर जुळवत. एका शब्दाशी अडली. परत वाचलं.

"तार… तारतम्य," ती म्हणाली आणि गोंधळली. "आक्का, हे उलटंच हाय की. तारतम्य करू नये असं लिवलंय. तारतम्य तर पायजे न्हवं माणसाला?"

वर्गातली मराठी पोरं हसली. आक्का काही बोलणार, तेवढ्यात माझ्या पुढ्यातून, उंबऱ्यावरून, आप्पांचा आवाज आला.

"आपल्यात तारतम्य म्हणजे शाणपण, बाळा. कन्नडात तारतम्य म्हणजे भेदभाव. मी चाळीस वर्षं त्येंच्यात धंदा केलाय, मला इचार."

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आपण मोठ्यानं बोललो. सगळा वर्ग वळून त्यांच्याकडं बघत होता. आप्पांची मान ताठ, टोपी हातात चुरगळलेली.

आक्का हसल्या नाहीत. नातीच्या हातातलं पुस्तक घेऊन त्या दाराशी आल्या आणि ते आप्पांच्या पुढं धरलं.

"बरोबर अदरी, आप्पा," त्या म्हणाल्या. "मुंद ओदरी."

बरोबर आहे, पुढं वाचा.

आप्पा खिशात चष्मा चाचपायला लागले. आणि आक्का, पुस्तकावर आप्पांची सावली पडत होती म्हणून, ते उजेडात धरत दारातून एक पाऊल बाजूला सरकून उभ्या राहिल्या.